राखणदार अनवाणी आहे

१४ मे

आज चौथा दिवस, आणि अजून या तळ्याचा पलीकडचा काठ मला दिसलेला नाही. इथली होडीवाली मोनीक म्हणते, काठ आहे, पण मध्ये बेटं आडवी येतात. आमच्याकडे एवढ्या पाण्याला खाडी म्हणतात आणि तिच्यावरून दोन गावं भांडतात. इथे याला धड नावसुद्धा नाही. अशी तळी म्हणे पुढे उत्तरेकडे कितीतरी आहेत, कुणी मोजत बसत नाही.

नेट फक्त ऑफिसच्या खोलीत चालतं. हातांना काहीतरी चाळा पाहिजे म्हणून लिहायला घेतलं. नववीत मराठीत तेवढा पास होतो.

मालवणात स्कुबाच्या होडीवर होतो, मग गोव्यात शॅकवर, मग पुण्याला कँटीनमध्ये. कुठेच वर्ष काढलं नाही. मिलिंददादा आणि चित्रावहिनी तारकर्लीला फिरायला आले होते तेव्हा माझ्या हातची भाकरी आणि सोलकढी खाऊन गेले. दोन वर्षांनी फोन आला, कॅनडाला स्वयंपाकाला येतोस का. दादांची नोकरी कनाटा नावाच्या गावातल्या कॉम्प्युटर कंपनीत, ती ते इथूनच करतात. कनाटा इथून पाच तास. जंगलातली ही जुनी जागा त्यांनी घेतली, सहा लाकडी केबिनी दुरुस्त केल्या आणि नाव ठेवलं 'देवराई'. दादा याला सस्टेनेबल टुरिझम म्हणतात. मला समजलं ते असं: मोटारबोट नाही, गाणी नाहीत, बाहेर दिवे नाहीत, आणलेलं प्लास्टिक परत न्यायचं, उरलंसुरलं जेवण लोखंडी पेटीत टाकून कडी लावायची, आणि सहा केबिनी भरल्या की सातव्याला नाही म्हणायचं.

मी म्हटलं, "सीझनमध्ये पण?"

"सीझनमध्येच," दादा म्हणाले.

गिऱ्हाईकाला नाही म्हणणारा धंदेवाला मी जन्मात बघितला नव्हता. आम्ही मालवणात डॉल्फिन दिसला की आठ होड्या त्याच्या मागे लावायचो.

आज पहाटे पाण्यावर एक पक्षी ओरडला. लून म्हणतात. आधी वाटलं बाई रडतेय, मग वाटलं हसतेय. मग पलीकडच्या डोंगराने तेच परत म्हटलं. माझा चहा उतू गेला तरी मी तसाच उभा.

१८ मे

काळ्या माश्यांनी कानामागे फोडून काढलंय. वहिनींनी डोक्यावर घालायची जाळी दिली. ती घालून मी मधमाश्या पाळणाऱ्यासारखा दिसतो.

झाडं बघून मान दुखते. एवढं रान आणि त्यात माणूस नाही. दुपारी ओंडके फोडताना थांबलो तर काहीच आवाज नव्हता, मोटार नाही, कुत्रा नाही, भोंगा नाही. इतकी शांतता मला सोसवेना. मीच खोकलो.

जेवताना दादांना विचारलं, "इथला राखणदार कोण?"

"इन्शुरन्स कंपनी," दादा म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

"तसं नाही. देवराई नाव ठेवलंत. मग देव कुठाय? जागा घेतली तेव्हा नारळ दिलात?"

वहिनी म्हणाल्या, "अरे, आम्ही डोंबिवलीचे. आमच्याकडे फ्लॅटची वास्तुशांत करतात, तीही हॉल भाड्याने घेऊन."

मला हसू आलं, पण पटलं नाही. आमच्या गावात नवीन माणूस रानात झोपडी बांधतो तर आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालतो, की बाबा, तुझ्या जागेत आलोय, सांभाळ. ही माणसं न सांगताच येऊन राहिलीत. आणि मी पण.

२२ मे

केलं. स्वयंपाकघराच्या मागे रानाच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे, वर शेवाळं, पाटासारखा. हळदकुंकू लावलं. दहीभात, गूळ आणि खोबऱ्याचा तुकडा पानावर ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. 'व्हय म्हाराजा' म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. नाव माहीत नाही म्हणून नुसतं 'हे जागेच्या धन्या' असं म्हटलं. त्याला मालवणी कळेल ना, असं मनात येऊन गेलं. पण देवाला काय, सगळंच कळतं.

२३ मे

दगड लख्ख! एक शीत नाही. खोबरं नाही, पानसुद्धा नाही. गावाला कावळे कुत्रे खातात, इथे कुत्रं नाही आणि कावळ्याने एवढं पुसून खाल्लेलं मी बघितलेलं नाही. अंगावर काटा आला. दुपारी ती शांतता पहिल्यांदा बरी वाटली.

५ जून

दर बुधवारी ठेवायचं ठरवलं होतं, पण रोजच ठेवतो. हाताला सवय लागली. काल पाहुण्यांचं श्रीखंड उरलं होतं, उष्टं नव्हे, वेगळं काढून ठेवलेलं. ते दिलं, वर तुपाची धार. सकाळी दगडावर ओल होती, नुकतीच पुसल्यासारखी.

सगळ्या केबिनी भरल्यात. वहिनी म्हणतात फोन थांबत नाहीत. मी नुसता हसलो.

१९ जून

नाश्ता करायच्या आधी हे लिहितो.

काल संध्याकाळी पाऊस झाला. आज सकाळी दगडामागच्या चिखलात पाऊल दिसलं. माणसाचं, अनवाणी. पाच बोटं, टाच, सगळं. माझ्या पावलापेक्षा रुंद. मी माझं पाऊल बाजूला ठेवून बघितलं तर ते लेकरासारखं दिसायला लागलं. पाऊल रानातून आलेलं आणि रानातच गेलेलं. पाहुण्यांपैकी या ओल्या रानात अनवाणी फिरणारं कोण आहे?

राखणदार रात्री आपल्या हद्दीत फेरी घालतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक हातभर लांब चपला वाहतात, चालून चालून त्याच्या झिजतात म्हणून. पण ऐकणं वेगळं. मी पाऊल बघितलं. कॅनडात येऊन बघितलं. त्या चिखलावर मी कढई उपडी घालून ठेवली, कोणी तुडवू नये म्हणून.

एवढं मोठं रान, एवढी तळी, आणि हा सगळं अनवाणी फिरतो.

२० जून

माझ्याकडच्या जुन्या चपला दगडावर ठेवल्या. माप लहान पडेल हे माहीत आहे, पण भावना पोचावी.

२१ जून

एक चप्पल नेली. एक ठेवली, तीही पट्ट्याला चावून. याचा अर्थ काय लावायचा ते कळत नाही.

१ जुलै

आज कॅनडा डे. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी पाहुणे तळ्यावर होते. मी कोथिंबीरवड्या तळत होतो. मागच्या दाराशी कोणीतरी जोरात श्वास सोडला. बघतो तर दगडापाशी तो. काळा, एवढा काळा की ऊन त्याच्यावर पडून आत जिरत होतं. अस्वल. गळ्याखाली चंद्रकोरीसारखा पांढरा डाग. तो दगड हुंगत होता, जिभेने चाटत होता. मग वळून माझ्याकडे बघितलं, वाढायला उशीर झाला की घरातला माणूस बघतो तसं. चालला तेव्हा मागचा पाय अख्खा टेकवून चालला आणि मातीत तेच पाऊल उठलं.

मी हात जोडले. रूप घेऊन आला, दुसरं काय मनात येणार?

तेवढ्यात पाहुणे आले फोन घेऊन. मोनीक होडीपाशी होती. ती इथलीच, फ्रेंच बोलणारी, पाहुण्यांना होडीतून फिरवते. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, म्हणून आमचं जमतं. तिने वल्ह्याने होडीवर दणादण आवाज केला. तो हलला नाही. तिकडे बघितलं आणि परत दगड चाटायला लागला. मोनीकचा चेहरा पांढरा पडला. बऱ्याच वेळाने तो आपल्या मर्जीने गेला.

संध्याकाळी वहिनी दगडापाशी गेल्या. मला हाक मारली. "सर्वेश, हे हळदकुंकू कोणी लावलं?"

"मी," मी म्हटलं. खरं लिहायचं तर छाती काढून म्हटलं. "महिनाभर रोज नैवेद्य दाखवतो. म्हणून तर एकही केबिन रिकामी राहिली नाही, वहिनी."

वहिनी त्या दगडावरच बसल्या. "रोज? काय काय ठेवलंस?"

मी सांगितलं. दहीभात, गूळ, तूप, श्रीखंड. चप्पल.

"चप्पल?" दादा मागे उभे होते, ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. "अरे, पेटीला कडी लावायची, बाहेर काही ठेवायचं नाही, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

"पेटी बंदच असते, दादा. ते कचऱ्याचं सांगितलं होतंत. हा नैवेद्य आहे."

"अस्वलाला त्यातला फरक कसा कळणार रे?"

मोनीकला वहिनींनी सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती हळू बोलली. माणसाच्या हातचं गोड लागलं की अस्वल आज दगडापाशी येतं, उद्या दारापाशी, परवा तंबूत, जिथे पोरं झोपलेली असतात. मग बंदूक येते. तिने बोट कपाळाला लावून दाखवलं. माझ्या नाही, स्वतःच्या.

गोळी, मी ज्याला जेवू घातलं त्याला.

४ जुलै

सरकारी माणूस येऊन गेला. पाठीवर बॅग, पायात चिखलाचे बूट. त्याने पाऊल बघितलं, रानात जाऊन आला. पकडून लांब नेऊन सोडलं तरी बरीच परत येतात, म्हणाला. उपाय एकच. इथे खायला काही नाही, आणि आलं तर ताप होतो, हे अस्वलाला पटलं पाहिजे. प्रत्येक वेळी. त्याने दार किंवा खिडकी फोडली तर मला फोन करा, म्हणाला, पण मग मी पिंजरा घेऊन येणार नाही.

मी वहिनींना विचारलं, "हाकलायचं कोणी?"

"तुझ्या हाताच्या वासाने येतो तो. तूच."

दादांनी मला हाकलून दिलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. त्यांनी हॉर्न आणून दिला, ट्रकचा असतो तसा आवाज करणारा. दगड ब्लीचने धुतला. शेवाळं गेलं, हळद राहिली.

९ जुलै

आला. मी थाळी आणि झारा घेऊन उभा होतो. तो थांबला आणि मान तिरकी करून बघायला लागला. मला वाटतं त्याला थाळी बघून आनंदच झाला. माझा हात उठेना. याला मी जागेचा धनी म्हटलंय, याच्यापुढे हात जोडलेत, आता याच्या अंगावर कसा ओरडू?

दादांनी मागून हॉर्न वाजवला. तो चार पावलं गेला आणि बसला. वाट बघत.

नंतर दादा एवढंच म्हणाले, "सर्वेश, पुढच्या वेळी मी मीटिंगमध्ये असेन."

१० जुलै

ऑफिसात जाऊन आईला फोन लावला. तिथे रात्र झाली होती. सगळं सांगितलं. आईने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "झिला, राखणदार कदी जेवणाच्या येळार हजर ऱ्हवता काय रे? ता कुत्र्याचा लक्षण. तू त्येचो कुत्रो केलंस. आता सोडव त्येका." आणि मग, "तू जेवलंस मा?"

मी नाही जेवलो.

११ जुलै

हाकलला. हॉर्न, थाळी, आणि तोंडाला येईल ते. तो रानाच्या कडेपर्यंत गेला. लांबून बघत होता. मी आत येऊन भांडी घासत बसलो, घासलेलीच परत.

२० जुलै

रोज येत नाही आता. पण येतो. डोंगरावर ब्लूबेरी पिकायला लागलीत. मोनीक म्हणते, यंदा पीक चांगलं आहे, पोट भरलं तर विसरेल. तिने मला वर नेलं. अख्खा खडकाळ डोंगर निळा. कोणी लावलेलं नाही, कोणी राखत नाही, कोणाच्या मालकीचं नाही. मी मूठभर खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं. इथे एवढं वाढून ठेवलेलं होतं आणि मी त्याला तांदूळ भरवत होतो.

३ ऑगस्ट

लाँग वीकेंड. टोरांटोच्या एटोबिको भागातून मराठी मंडळी आलीत. त्यांच्यातले सुधाकरकाका आल्या आल्या स्वयंपाकघरात. एक जुलैचा फोटो कुणाच्या तरी फोनमधून त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"काय शेफ, अस्वल कुठे लपवलंस? आम्ही टोरांटोहून तेवढ्यासाठी आलो."

"ते येत नाही आता."

"अरे, येत नाही म्हणजे काय? दोन लाडू टाक मागे. शीलाने आणलेत. तूप अगदी ओरिजिनल."

शीलाकाकू दारातून म्हणाल्या, "ते लाडू माणसांना खाववत नाहीत, अस्वलाने काय घोडं मारलंय!"

सगळे हसले. मी पण हसलो. मग डबा उचलून लोखंडी पेटीत टाकला आणि कडी लावली. काकांचं तोंड उतरलं. "हे कसलं टुरिझम? झाडंच बघायची तर पार्क घराजवळ आहे," म्हणाले.

आणि चारच्या चहाला तो आला. काका खुर्चीतून उठून फोन घेऊन सरळ पुढे. दोघांमध्ये आमच्या अंगणाएवढंही अंतर नाही. तो मागच्या पायांवर उभा राहिला. देवा शपथ, मी एवढं मोठं काही उभं राहिलेलं बघितलेलं नाही. मला दिसलं, हा काकांच्या हातात काय आहे ते बघतोय. उद्या सरकारी माणसाला फोन जाईल, परवा बंदूक येईल.

मी मध्ये शिरलो. थाळीवर झारा असा हाणला की झारा वाकला. "मेल्या, शिरा पडली तुझ्या तोंडार! खंय इलंस? तुजो बापूस हंय जेवण घालूक बसलो नाय! चल, पळ!" आणखी पुष्कळ बोललो, ते लिहीत नाही. त्याच्या आईवरून, सात पिढ्यांवरून. तो खाली टेकला, फुसकन श्वास सोडला, माझ्याकडे बघितलं. मी दगड उचलून फेकला. त्याच्या पुठ्ठ्यावर बसला. तो दचकला. पहिल्यांदा दचकला. मग पळाला, झाडं मोडत. मी रानात शिरून शिव्या देत मागे धावलो. आवाज बसला तेव्हा कळलं, मी रडतोय.

परत आलो तर सगळे उभे. काका म्हणाले, "अरे, एक फोटो तरी काढू द्यायचास."

शीलाकाकूंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "बस बाळा. मी चहा करते."

२६ ऑगस्ट

आला नाही. तीन तारखेनंतर एकदाही नाही. दगडाकडे बघायची सवय जात नाही. मोनीकला विचारलं, कोणी मारलं तर नसेल? ती खांदे उडवते. रान मोठं आहे, म्हणते. मेला असला तर तो मी फेकलेल्या दगडाने नव्हे, मी वाढलेल्या भाताने.

पुण्याच्या कँटीनमधल्या पुष्करचा फोन होता, तो आता इथेच असतो. एटोबिकोच्या गोदामात माणसं पाहिजेत म्हणे, कामाच्या परमिटचं बघू. आधीचा मी असतो तर बॅग भरायला घेतली असती. म्हटलं, सीझन संपू दे. खरं तर त्याचं काय झालं ते कळल्याशिवाय मला जायचं नाही.

१५ सप्टेंबर

हे रंग कोणाला सांगून पटणार नाहीत. डोंगर पेटलाय आणि धूर नाही. लाल, पिवळा, मध्ये काळपट हिरवा, आणि खाली पाण्यात तेवढाच डोंगर उलटा. सकाळी धुकं उठत होतं तेव्हा होडी कशावरून चाललीय तेच कळत नव्हतं.

होडीत मोनीक पुढे, मी मागे, मध्ये लंडनचे म्हातारे नवराबायको. हे लंडन इथलंच, ऑन्टारियोतलं. मोनीकने मला वल्हं मारायला शिकवलंय, थेंब पडल्याचाही आवाज न करता. बेटांच्या पलीकडे आज पहिल्यांदा गेलो. पलीकडचा काठ खरंच आहे.

तिथे लाल फळांनी वाकलेलं झाड होतं आणि झाडाखाली तो होता. फांदी पंजाने ओढून घोस ओरबाडत होता. अंगावर चरबी चढलेली, केस चमकणारे. गळ्याखालचा डाग मला होडीतून दिसला. छाती एवढी धडधडली की वाटलं होडी हलेल. म्हातारीने तोंडावर हात ठेवला.

वारा आमच्या पाठीमागून वळला. मला कळलं, आता माझा वास त्याला जाणार. त्याने नाक वर केलं. उभा राहिला. सरळ आमच्याकडे बघितलं, आणि मी श्वास धरून बसलो. मनात एकच, येऊ नको. येऊ नको रे बाबा.

तो वळला आणि जीव खाऊन पळाला. चढावरून, दगड गडगडवत, फांद्या मोडत, एकदाही मागे न बघता. पानांचे रंग हलले आणि त्याच्यामागे मिटले. बराच वेळ नुसता आवाज येत राहिला, मग तोही रानाने गिळला.

"ओह नो," म्हातारी हळूच म्हणाली. "आपण घाबरवलं त्याला. सॉरी."

"येस," मी म्हटलं. माझ्या तोंडावरचं हसू जाईना. बाईंना वाटलं असेल, हा पोरगा वेडा आहे.

मला हात जोडायचे होते, पण हातात वल्हं होतं. फळं अजून झाडावर बरीच होती. मोनीकला म्हटलं, चल मागे. आम्ही होडी न वळवताच उलटी घेतली, काठाकडे तोंड करून हळूहळू लांब गेलो, त्याला परत यायला जागा मोकळी करत.